दुबार नोंदींचे विलीनीकरण : प्रकल्प-व्यवस्थापनाच्या इतिहासातील एक प्रश्न

एकाच वस्तूची दोन ठिकाणी, दोन नावांनी नोंद होणे ही गोष्ट कोणत्याही दप्तराला नवी नाही. मतदारयादीतील दुबार नावे, ग्रंथालयाच्या सूचीत एकाच पुस्तकाची दोन कार्डे, खतावणीत दोनदा चढलेली रक्कम हे तिचे परिचित प्रकार होत. प्रकल्प-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे प्रचारात आल्यापासून या दोषाला एक नवे क्षेत्र लाभले आहे. एखाद्या संस्थेच्या दोन शाखा एकाच कामासाठी स्वतंत्र प्रकल्प उघडतात; प्रत्येकात कामांच्या याद्या, माणसे, मुदती आणि शेरे जमत जातात; आणि काही महिन्यांनी हे दोन्ही प्रकल्प वस्तुतः एकच आहेत असे ध्यानात येते. मग ते एकत्र करावयाचे ठरते.

हे एकत्रीकरण म्हणजे केवळ कारकुनी काम होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विलीनीकरण करणाऱ्यास तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. दोन नोंदी खरोखर एकाच वस्तूच्या आहेत काय? असल्यास त्यांपैकी कोणती ठेवावयाची? आणि जी ठेवावयाची नाही तिचे काय करावयाचे? पहिला प्रश्न अर्थाचा आहे, दुसरा अधिकाराचा आणि तिसरा इतिहासाचा. यांपैकी पहिल्या प्रश्नावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत शास्त्रशुद्ध विचार झाला आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे मात्र बहुतांशी व्यवहाराच्या ओघातच मिळत गेली. असे असूनही तिसऱ्या प्रश्नाला निरनिराळ्या क्षेत्रांत मिळालेले उत्तर जवळजवळ एकच आहे, आणि ते इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेण्यासारखे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. दोन नावांनी जन्मलेले शास्त्र

प्रकल्प-व्यवस्थापनाचे आधुनिक शास्त्र हेच मुळी दुबार नोंदीचे एक उदाहरण आहे. १९५६-५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ या रसायन-कंपनीने रेमिंग्टन रँड या संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या साहाय्याने कारखान्यांची उभारणी व दुरुस्ती यांचे वेळापत्रक बसविण्याची एक पद्धती सिद्ध केली. मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली हे तिचे जनक होत. १९५८ साली अमेरिकी नौदलाच्या विशेष प्रकल्प कार्यालयाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी, बूझ ॲलन हॅमिल्टन ही सल्लागार संस्था व लॉकहीड ही कंपनी यांच्या सहकार्याने, दुसरी एक पद्धती तयार केली. पहिली ‘सीपीएम’ या नावाने आणि दुसरी ‘पर्ट’ या नावाने प्रसिद्धीस आली. दोहोंवरील निबंध १९५९ साली प्रकाशित झाले. दोन्ही पद्धतींत कामांचे एक जाळे आखावयाचे आणि आरंभापासून शेवटपर्यंत जाणारी सर्वांत दीर्घ वाट शोधून काढावयाची असते. कारण त्या वाटेवरील एका कामास विलंब झाला की सबंध प्रकल्पास विलंब होतो.

इतके साम्य पाहता या दोन नोंदी एकच आहेत असे वाटणे स्वाभाविक होते. पुढे अनेक पाठ्यपुस्तकांत ‘पर्ट-सीपीएम’ असे जोडनाव रूढ झाले आणि विलीनीकरण पूर्ण झाले. परंतु दोन्ही पद्धतींच्या मुळाशी असलेले प्रश्न वेगळे होते. ड्यू पाँच्या अभियंत्यांना आपल्या कामांचा पूर्वानुभव होता. त्यामुळे प्रत्येक कामास किती दिवस लागतील हे ते एका आकड्यात सांगू शकत. अधिक खर्च केल्यास त्यांतले किती दिवस वाचतील, ही त्यांची पृच्छा होती. नौदलाचे काम पूर्वी कोणीच केलेले नव्हते. म्हणून पर्ट पद्धतीत प्रत्येक कामासाठी आशावादी, संभवनीय आणि निराशावादी असे तीन अंदाज घेतले जात. एक पद्धती खर्चाच्या विचारातून निघाली, तर दुसरी अनिश्चिततेच्या. जोडनावाने साम्य तेवढे जतन केले. भेदाचे कारण मात्र विद्यार्थ्याच्या दृष्टीआड गेले.

येथे शब्दांच्या इतिहासातील एक गंमतही नोंदवण्यासारखी आहे. ‘क्रिटिकल पाथ’ हा शब्दप्रयोग आज सीपीएमच्या नावातच आहे; पण त्याचे श्रेय स्वतः केली यांनी पर्टच्या जनकांना दिले आहे. म्हणजे विलीनीकरण होण्यापूर्वीच एका नोंदीतील शब्द दुसऱ्या नोंदीच्या मथळ्यावर जाऊन बसला होता. एकत्रित नाव वाचणाऱ्यास याचा मागमूस लागत नाही.

२. एकत्वाची परीक्षा

दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत काय, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार प्रथम जन्ममृत्यूच्या दप्तरांत झाला. अमेरिकेतील हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली एकाच व्यक्तीच्या निरनिराळ्या नोंदी जोडण्याच्या क्रियेस ‘नोंदींची जोडणी’ या अर्थाचे इंग्रजी नाव दिले. १९५९ साली कॅनडातील हॉवर्ड न्यूकूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम संगणकाकरवी कसे करता येईल हे दाखविले. त्याला भक्कम गणिती बैठक इव्हान फेलेगी व ॲलन संटर यांच्या १९६९ च्या निबंधाने मिळाली. या निबंधाचा महत्त्वाचा विशेष असा की त्यात निर्णयाचे दोन नव्हे तर तीन प्रकार मानले आहेत : जुळतात, जुळत नाहीत, आणि सांगता येत नाही. तिसऱ्या गटातील जोड्या माणसाने डोळ्यांखालून घालावयाच्या असतात. यंत्राला सर्वाधिकार न देता संशयासाठी एक जागा राखून ठेवणारी ही विभागणी पुढील काळातील बहुतेक सर्व दुबार-शोधक पद्धतींचा पाया ठरली.

भाषेच्या अभ्यासकाला याहून जवळची वाटेल अशी एक जुनी युक्ती म्हणजे ‘साउंडेक्स’. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचे अमेरिकेत पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे, पुढील स्वर गाळावयाचे आणि व्यंजनांना त्यांच्या उच्चारसाम्यानुसार अंक द्यावयाचे, अशी ही रीत आहे. तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात बी, एफ, पी, व्ही या ओष्ठ्य वर्णांना १, डी व टी यांना ३ आणि आर या वर्णास ६ असे अंक आहेत. त्यामुळे ‘रॉबर्ट’ आणि ‘रुपर्ट’ या दोन्ही नावांचा संकेत ‘आर १६३’ असा एकच येतो. आपल्या वर्णमालेतील वर्गव्यवस्था ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना या युक्तीमागील तत्त्व नवे वाटणार नाही. तिची मर्यादाही उघड आहे : रॉबर्ट आणि रुपर्ट ही नावे सदृश असली तरी माणसे निराळी असू शकतात. ध्वनीचे साम्य हा संशयाला आधार होऊ शकतो, निर्णयाला नव्हे.

याच्या उलट प्रकार देवनागरीत घडतो. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन रीतींनी टंकित होतो. काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त करून त्यापुढे ‘य’ देतात. तर काही साध्या ‘र’ नंतर हलन्तचिन्ह व एक अदृश्य जोडचिन्ह घालून तीच आकृती उमटवितात. कागदावर दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते भिन्न असतात. सह्याद्रीतील दऱ्यांच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प एका कार्यालयात पहिल्या रीतीने आणि दुसऱ्यात दुसऱ्या रीतीने टंकित झाला, तर शोध घेणाऱ्यास एक सापडेल व दुसरा सापडणार नाही. आणि न सापडल्यामुळे तो कदाचित तिसराही उघडील. ऱ्हस्वदीर्घाचे व अनुस्वाराचे विकल्प, तसेच ‘प्रकल्प’ व ‘प्रोजेक्ट’ यांसारखे पर्याय यांत मिळविले म्हणजे मराठीत दुबार नोंदी का वाढतात याचा उलगडा होतो. दुबारपणा हा नेहमीच निष्काळजीपणाचा परिणाम असतो असे नाही. पुष्कळदा तो लेखनव्यवस्थेत अंगभूत असतो.

३. समान नोंदी आणि मुख्य नोंद

दोन नोंदी एकच ठरल्यानंतर पुढचा प्रश्न कोणती ठेवावयाची हा होय. सॉफ्टवेअरमधील दोष नोंदवून घेणाऱ्या व्यवस्थांत या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे आढळतात, आणि प्रकल्प-व्यवस्थापनाच्या आजच्या साधनांवर त्या दोहोंचाही ठसा आहे.

पहिले उत्तर डेबियन या संगणकप्रणालीच्या दोषनोंदणीचे आहे. इयन जॅक्सन यांनी १९९४ साली ही नोंदणी सुरू केली. तीत दोन नोंदी ‘मर्ज’ या आज्ञेने एकत्र केल्या तरी कोणतीही नोंद दुसरीत बुडत नाही. दोघींचे क्रमांक व मजकूर कायम राहतात. एक बंद केली की दुसरीही बंद होते आणि एक पुन्हा उघडली की दुसरीही उघडते. मात्र त्यासाठी एक अट आहे : विलीन होण्यापूर्वी दोन्ही नोंदींची स्थिती तंतोतंत सारखी असली पाहिजे. ती तशी नसल्यास ‘फोर्समर्ज’ ही आज्ञा देऊन पहिल्या नोंदीची स्थिती इतरांवर लादावी लागते. एकत्व चुकीचे ठरल्यास ‘अनमर्ज’ या आज्ञेने फारकतही करता येते. हा समानांचा संबंध आहे. कोशाच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे दोन समानार्थी शब्द आपापल्या जागी राहतात आणि अर्थ तेवढा सामाईक होतो.

दुसरे उत्तर १९९८ साली मोझिला प्रकल्पाबरोबर लोकांसमोर आलेल्या बगझिलाचे. तेथे एका नोंदीवर ‘दुबार’ असा निर्णय लिहिला जातो आणि ती मुख्य नोंदीकडे बोट दाखवून बंद होते. कोशात गौण रूपापुढे ‘अमुक शब्द पाहा’ असे लिहावे, त्यातलाच हा प्रकार होय. गौण नोंद पुसली जात नाही. तिचे पान उघडता येते. शिवाय ती नोंदविणाऱ्याचे नाव मुख्य नोंदीच्या पत्रयादीत आपोआप चढते, जेणेकरून पुढील घडामोडी त्याला कळत राहाव्यात. बगझिलात कोणत्या नोंदीच्या दुबार नोंदी सर्वाधिक आहेत हे दाखविणारे एक पानही असते. एखादा दोष शंभर जणांनी निरनिराळा नोंदविला असेल, तर त्या शंभर नोंदी हा केवळ दप्तरातील गोंधळ नसून त्या दोषाची झळ किती जणांना लागली याचा पुरावाही असतो, ही जाणीव या पानामागे आहे. दुबार नोंद पुसून टाकणारा माणूस दप्तर स्वच्छ करतो, पण त्याबरोबर साक्षीही पुसतो.

मुख्य नोंद कोणती मानावयाची याचा सर्वत्र लागू होणारा नियम मात्र घडलेला दिसत नाही. आधीची ठेवावी म्हटले तर तिच्यात कधीकधी एकच ओळ असते आणि नंतरचीत सगळा तपशील. भरघोस नोंद ठेवावी म्हटले तर ज्याने प्रथम सांगितले त्याचे श्रेय जाते. म्हणूनच निर्णय कोणी, कधी व का घेतला हे नोंदविणे हे निर्णयाइतकेच महत्त्वाचे ठरते.

४. काम आणि प्रकल्प

येथवरचा विचार एकेकट्या नोंदींचा झाला. संपूर्ण प्रकल्प विलीन करणे ही याहून गुंतागुंतीची गोष्ट आहे, आणि एका कामाला दुबार ठरविण्याची सोय जितकी सार्वत्रिक आहे तितकी प्रकल्प विलीन करण्याची सोय आढळत नाही. रूढ रीत अशी की एका प्रकल्पातील सर्व कामे दुसऱ्यात हलवावयाची आणि रिकामा झालेला प्रकल्प दप्तरी दाखल करावयाचा.

अडचण कोठे येते हे पाहिले पाहिजे. प्रकल्प म्हणजे कामांची नुसती बेरीज नव्हे. तो एक लहानसा भाषिक समाजच असतो. एका प्रकल्पात ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ ‘लिहून झाले’ असा असेल, तर दुसऱ्यात ‘तपासून, मान्य होऊन झाले’ असा. विलीनीकरणात दोन्ही ‘पूर्ण’ एका रकान्यात येतात आणि अर्धवट कामे पुरी झालेली दिसू लागतात. दोन शब्दांचा अर्थ एक असणे हा दुबार नोंदीचा मूळ दोष. त्याच्या निवारणातून एका शब्दाचे दोन अर्थ होण्याचा दुसरा दोष उद्भवतो. पहिला दोष डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही. प्रवेशाच्या अधिकारांचेही तसेच आहे. मोजक्या व्यक्तींसाठी राखलेल्या प्रकल्पातील कामे खुल्या प्रकल्पात हलविली, तर विश्वासाने लिहिलेले शेरे सर्वांपुढे उघडे पडण्याचा संभव असतो.

क्रमांकांचा प्रश्न तर सर्वांत नाजूक आहे. २००२ साली बाजारात आलेल्या जिरा या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाचा क्रमांक प्रकल्पाच्या आद्याक्षरांनी सुरू होतो; त्यामुळे काम दुसऱ्या प्रकल्पात गेले की त्याचे नावच बदलते. जुना क्रमांक मात्र पत्रांत, सभांच्या इतिवृत्तांत आणि अहवालांत विखुरलेला असतो. यावर तोडगा म्हणून जिरामध्ये जुन्या क्रमांकाने शोधणाऱ्यास नव्या क्रमांकाकडे नेऊन सोडले जाते.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण विकिपीडियाच्या मागे असलेल्या विकिमीडिया या संस्थेचे आहे. तिच्या तांत्रिक कामांची नोंद २००४ पासून बगझिलात होत होती. त्याखेरीज निरनिराळ्या गटांनी आपापल्या सोयीची इतर साधने वापरात आणली होती. ही विखुरलेली दप्तरे एकत्र आणण्यासाठी फॅब्रिकेटर या साधनाची निवड झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बगझिलातील सुमारे ७३,००० नोंदी त्यात हलविण्यात आल्या. नव्या दप्तरात आरंभीचे काही क्रमांक आधीच वापरले गेले होते. म्हणून बगझिलातील प्रत्येक क्रमांकात २००० मिळवून नवा क्रमांक देण्यात आला. क्रमांक १ ची नोंद २००१ झाली, क्रमांक ५०० ची २५०० झाली. सूत्र इतके साधे की ज्याच्या हाती जुना कागद आहे त्याला मनातल्या मनात नवी नोंद शोधता यावी. शिवाय जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर जाण्याची सोयही करण्यात आली. फॅब्रिकेटरमध्ये एका प्रकल्पाला अनेक पर्यायी नावे जोडता येतात आणि संपलेला प्रकल्प न पुसता दप्तरी दाखल करता येतो, याचाही उपयोग झाला. २०२१ साली फॅब्रिकेटरच्या मूळ निर्मात्यांनी त्याचा विकास थांबविला आणि इतरांनी ‘फोर्ज’ या नावाने तो पुढे चालविला. ज्या साधनात दप्तरे विलीन झाली त्याचेही नाव कायम राहिले नाही. नोंदी मात्र शोधता येतात, आणि त्याचे कारण आरंभी क्रमांकांची घेतलेली काळजी हेच होय.

५. निवृत्त नावाचे स्थान

आता तिसरा प्रश्न : जे नाव ठेवावयाचे नाही त्याचे काय करावयाचे? सॉफ्टवेअरच्या क्षेत्राने दिलेले उत्तर वर आलेच आहे. जुने नाव नवी वस्तू दाखविण्यासाठी वापरावयाचे नाही, परंतु ते पुसावयाचेही नाही; त्याने नव्या नावाचा पत्ता सांगत राहावयाचे. हेच उत्तर इतर क्षेत्रांनीही दिले आहे. ग्रंथालयांच्या जागतिक सहकारी सूचीत, म्हणजे ओसीएलसी या संस्थेच्या वर्ल्डकॅटमध्ये, दोन नोंदी विलीन झाल्या की बाद झालेल्या नोंदीचा क्रमांक टिकलेल्या नोंदीच्या ०१९ या रकान्यात लिहून ठेवला जातो.

भाषांना तीन अक्षरी संकेत देणारे आयएसओ ६३९-३ हे मानक २००७ साली प्रसिद्ध झाले. २०२३ साली त्याच्या मालिकेतील सर्व भागही एका मानकात विलीन झाले. त्यात दुबार ठरलेला संकेत निवृत्त होतो, त्याचे कारण प्रसिद्ध केले जाते आणि तो संकेत पुन्हा दुसऱ्या भाषेस दिला जात नाही. या विलीनीकरणात केवढे प्रश्न गुंतलेले असतात हे मोल्डाव्हियन भाषेवरून दिसते. तिचे संकेत नोव्हेंबर २००८ मध्ये निवृत्त होऊन रुमानियनमध्ये विलीन झाले. मोल्डोव्हाच्या १९९४ च्या संविधानात मात्र ‘मोल्डाव्हियन’ हेच राजभाषेचे नाव होते. तेथील संविधान न्यायालयाने २०१३ साली रुमानियन या नावाच्या बाजूने निर्णय दिला आणि संसदेने कायद्यांतील नाव २०२३ साली बदलले. नोंदवहीने जे एका दिवसात केले, त्यास राज्यव्यवस्थेला पुढे पंधरा वर्षे लागली.

विलीनीकरण हाच एकमेव मार्ग आहे असेही नाही. याच मानकात कोंकणीसाठी एक व्यापक संकेत असून त्याच्या छत्राखाली गोव्याची कोंकणी आणि कोंकणी असे दोन स्वतंत्र संकेत आहेत. जेथे एकत्व आणि भेद दोन्ही खरे असतात तेथे वरची पायरी निर्माण करणे हा सुज्ञ उपाय ठरतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका मुख्य प्रकल्पात अनेक उपप्रकल्प गुंफण्याची जी सोय आहे, तिचे तत्त्व हेच आहे. दोन प्रकल्प एकच आहेत की एकाच मोठ्या कामाचे दोन भाग आहेत, हे ठरविण्यापूर्वी विलीनीकरणाची घाई करू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

महाराष्ट्रातील अभ्यासकांना या प्रश्नाची ओळख संहितासंशोधनातून झालेली आहे. एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ते कार्य थोर खरेच. परंतु मागल्या प्रतींतील पाठभेद बाजूस नोंदवून ठेवण्याची पद्धत त्या काळी नव्हती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देते. विष्णु सीताराम सुखठणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार पानाच्या वरच्या भागात निश्चित केलेली संहिता, खाली पाठभेद आणि परिशिष्टांत वगळलेले मोठे भाग अशी तिची रचना आहे. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही त्याला पुरावा त्याच पानावर सापडतो. डेबियनची ‘अनमर्ज’ ही आज्ञा आणि चिकित्सक आवृत्तीच्या तळटीपा यांचे प्रयोजन तत्त्वतः एकच आहे : उद्याच्या अभ्यासकास आजचा निर्णय फिरविता यावा.

६. समारोप

वरील विवेचनातून चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, एकत्वाची परीक्षा नावावरून न करता प्रयोजनावरून करावी. नावाचे साम्य आणि नावाचा भेद दोन्ही फसवे आहेत. दुसरी, ज्या शब्दांनी कामाची स्थिती सांगितली जाते त्यांचे दोन्ही प्रकल्पांतील अर्थ विलीनीकरणापूर्वी ताडून पाहावेत. तिसरी, बाद होणाऱ्या नोंदीचा क्रमांक व नाव जिवंत ठेवून त्यास नव्या नोंदीचा पत्ता द्यावा. चौथी, विलीनीकरण कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने केले याची टीप त्याच ठिकाणी ठेवावी.

आपल्या विभागांतून कोशरचना, बोलींची पाहणी, हस्तलिखितांची सूची यांसारखी कामे आता संगणकीय दप्तरांवर चालतात, आणि एकाच बोलीच्या पाहणीचे दोन प्रकल्प दोन विद्यापीठांत उघडले जाणे मुळीच अशक्य नाही. ते एकत्र करण्याची वेळ येईल तेव्हा हे काम कारकुनाकडे सोपवून मोकळे होता येणार नाही. कोणती नोंद मुख्य आणि कोणती दुबार हे ठरविणे म्हणजे त्या कामाचा इतिहास लिहिणे होय. आणि इतिहास लिहिणाऱ्याने आपली साधने जाळून टाकू नयेत, एवढी अपेक्षा त्याच्याकडून रास्तच आहे.